पाणथळीच्या पाहुण्यांचे माहेर

माघ सरला, की परभणी जिल्ह्यातील नद्यांचे आणि तळ्यांचे काठ हळूहळू ओस पडू लागतात. येलदरीच्या जलाशयाच्या उथळ कडेला, गंगाखेडच्या खाली गोदावरीच्या चिखलात, सेलूकडे दुधनेच्या डबक्यांत दिवाळीपासून जी लहानखुरी, करड्या पाठीची पाखरे चिखल टोचीत लगबगीने हिंडत असतात, ती चैत्र-वैशाखात दिसेनाशी होतात. व्याख्यानमालेचा मांडव पडतो तेव्हा त्यांचा मुक्काम हललेला असतो. छोटा टिळवा, हिरवी तुतारी, ठिपकेवाली तुतारी, रफ, पाणटिवळा अशी त्यांची नावे. ती पाण्यात पोहत नाहीत आणि झाडावर क्वचितच बसतात. पाणी आणि जमीन यांच्या मधल्या ओल्या पट्टीवर त्यांचा संसार चालतो. म्हणून त्यांना आम्ही येथे ‘काठपाखरे’ म्हणणार आहोत. ही पाखरे उन्हाळ्यात जातात कोठे, त्यांची घरटी कोणी शोधली, आणि त्या शोधाचा आपल्या गंगथडीशी काय संबंध, हा आजचा विषय आहे.

आपल्याकडे लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी जाते. काठपाखरांचेही तसेच आहे, एवढेच की ती दर वर्षी जातात, आणि माहेर सहा हजार किलोमीटरांवर असते. जेमतेम पंचवीस ग्रॅम वजनाचा टिळवा परभणीच्या अक्षांशावरून निघतो तो हिमालय मागे टाकून, मध्य आशियाची वाळवंटे ओलांडून सायबेरियाच्या उत्तर टोकाला पोहोचतो. तेथील झाडझाडोरा नसलेल्या गोठणभूमीला टुंड्रा म्हणतात. तेथे तो विणतो, आणि श्रावण-भाद्रपदात पुन्हा दक्षिणेची वाट धरतो.

पक्षी ऋतूप्रमाणे उत्तरेस जातात, हे आपल्या पूर्वजांना ठाऊक होते. कालिदासाच्या ‘मेघदूता’त पावसाच्या तोंडावर मानसरोवराकडे निघालेले हंस आहेत, आणि त्यांनी हिमालय ओलांडावा म्हणून क्रौंचरंध्र नावाची खिंडही आहे. युरोपात अठराव्या शतकापर्यंत मोठमोठे पंडित पाकोळ्या हिवाळ्यात तळ्याच्या चिखलात निजतात असे मानीत होते. हे ध्यानी घेतले, म्हणजे आपल्या कवीच्या निरीक्षणाचे मोल कळते. पंचतंत्रात तर काठपाखराच्या विणीचीच कथा आहे. टिटवीने समुद्रकाठी अंडी घातली, समुद्राने ती ओढून नेली, आणि टिटवीने गरुडाकरवी विष्णूपर्यंत दाद मागून ती परत मिळविली. ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही आपली म्हण त्या कथेशी नाते सांगते. आणि गंगाखेडच्या जनाबाईंनी विठ्ठलाची माया सांगताना दूर जाऊन पिलांसाठी चारा आणणाऱ्या पाखराचाच दाखला दिला आहे.

परंतु पक्षी उत्तरेस जातात हे कळणे वेगळे आणि अमुक पक्ष्याचे घरटे अमुक जागी आहे हे दाखविणे वेगळे. पहिल्या गोष्टीला आकाशाकडे पाहणारा कवी पुरतो; दुसरीसाठी कोणाला तरी तेथवर पायी जावे लागते.

या शोधाचे आपल्याकडचे टोक आपल्या शेजारच्या जालन्यात सापडते. थॉमस जेर्डन हा कंपनी सरकारच्या नोकरीतला डॉक्टर १८३६ साली मद्रासला उतरला. पुढे घोडदळाच्या पलटणीबरोबर तो जालन्याच्या छावणीत आला आणि काही वर्षे दख्खनच्या पठारावर राहिला. औषधाची पेटी सांभाळता सांभाळता त्याने पाखरांच्या नोंदी ठेवल्या. १८३९ पासून त्याने दक्षिण भारतातील पक्ष्यांची यादी छापावयास आरंभ केला, आणि १८६२ ते १८६४ या काळात त्याचा भारतीय पक्ष्यांवरील मोठा ग्रंथ बाहेर पडला. हिवाळी काठपाखरांचे वर्णन असल्या ग्रंथांतून येई. पण ती येथे विणतच नाहीत, तेव्हा अंड्या-घरट्यांविषयी येथल्या निरीक्षकाने लिहावे तरी काय? आमच्या काठावर त्या पाखरांच्या चरित्राचा अर्धाच भाग घडतो.

उरलेला अर्धा भाग उत्तरेत होता, आणि तो मिळविण्यास फार कष्ट पडले. १८४३ साली मिडेनडॉर्फ हा रशियन सरकारचा संशोधक सायबेरियातील तैमिर द्वीपकल्पात पोहोचला. प्रवासात त्याची अन्नान्नदशा झाली, आजारपणात सोबत्यांना पुढे धाडून त्याला बर्फात एकट्याने दिवस काढावे लागले. तेथे त्याला छोट्या टिळव्याची वीण आढळली. जो पक्षी हिवाळ्यात आपल्या बैलांच्या खुरांजवळून पळतो, त्याचा पाळणा पृथ्वीच्या त्या टोकाला निघाला.

त्यानंतर बत्तीस वर्षांनी, १८७५ साली, हेन्री सीबोम हा इंग्लंडमधील शेफील्डचा पोलादाचा कारखानदार आपला स्नेही हार्वी-ब्राउन याच्यासह उत्तर रशियातील पेचोरा नदीवर गेला. ज्यांची वीण पश्चिम युरोपातील अभ्यासकांना गूढ वाटे अशी अर्धा डझन पाखरे त्यांच्या यादीत होती. बर्फावरून घसरगाडीने शेकडो मैल जाऊन ते नदीकाठच्या एका खेड्यात बर्फ फुटण्याची वाट पाहत बसले. उन्हाळा आला तो एकाएकी. नदीचे बर्फ गडगडत फुटले आणि पाखरांचे थवेच्या थवे उतरले. त्या मोहिमेत त्यांना करड्या चिखल्याची आणि छोट्या टिळव्याची घरटी मिळाली. रेनडिअर पाळणाऱ्या तेथील रहिवाशांची नजर आणि वाटांची माहिती नसती, तर या प्रवाशांना पुढे सरकता आले नसते, हे येथे सांगितले पाहिजे. १८७७ साली सीबोम सायबेरियातील येनिसेई नदीवर गेला. तरीही यादीतील सारी घरटी सापडली नाहीत. बाकदार चोचीचा टिळवा, जो हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावरही येतो, त्याची खात्रीलायक अंडी पॉपम नावाच्या इंग्रज प्रवाशाला येनिसेईच्या मुखाशी १८९७ साली मिळाली.

१९१४ साली मॉड हॅविलंड ही पक्षी-अभ्यासक त्याच नदीवर गेली. मारिया चॅप्लिका या मानववंशशास्त्राच्या विदुषीने ती मोहीम काढली होती. हॅविलंडने केवळ अंडी गोळा करण्यावर समाधान मानले नाही. पाखरू घरट्यावर कसे येते, धोका दिसला म्हणजे काय करते, पिलांना कसे बोलावते, हे तिने बसून पाहिले. त्या टुंड्रात असतानाच युरोपात महायुद्ध भडकले. परत आल्यावर १९१५ साली तिने आपल्या येनिसेईवरील उन्हाळ्याचे पुस्तक प्रसिद्ध केले. अंडे हाती घेण्यापासून पाखराचे वागणे पाहण्यापर्यंतचा हा पालट आम्हांस या इतिहासातील सर्वांत मोठा वाटतो. आज लोक दुर्बीण घेऊन उत्तरेची निसर्गयात्रा करतात, त्यांचे खरे पूर्वज असे पाहणारे लोक होत.

त्यांनी आणि त्यांच्या मागून गेलेल्यांनी पाहिले ते काय? जून-जुलैत तेथे सूर्य मावळत नाही. वरचा वीतभर थर वितळून सगळीकडे डबकी साचतात, आणि त्यांतून डासांचे व माश्यांचे ढग उठतात. तोच पिलांचा चारा. टिळव्याचे घरटे म्हणजे शेवाळात केलेली वाटीएवढी खळगी, आत सुकी पाने, आणि टोके आत करून मांडलेली चार अंडी. मादी एकदा चार अंडी घालते, ती नर उबवतो. मग ती पुन्हा चार घालते आणि ती स्वतः उबवते. उन्हाळा इतका तोकडा, की एका दमात दोन संसार उरकावे लागतात. रफची तऱ्हा निराळी. येथे हिवाळ्यात साधाभोळा दिसणारा नर तेथे मानेभोवती पिसांची मोठी झालर फुलवून आखाड्यात उतरतो, इतर नरांशी झुंजीचा देखावा करतो, आणि पुढचे सारे मादीवर सोपवून निघून जातो. आपल्या नाल्यांत एकटीच शेपूट हलवीत फिरणारी हिरवी तुतारी तर तेथील जंगलात चक्क झाडावर, कस्तुरासारख्या पक्ष्याच्या जुन्या घरट्यात अंडी घालते.

जनाबाईंच्या दाखल्यातले पाखरू पिलांना चारा आणून भरवते. काठपाखरांची बहुतेक पिले मात्र अंड्यातून निघाली, अंगावरची लव वाळली, की आपल्या पायांनी चालू लागतात आणि स्वतःच किडे टिपतात. आईबाप ऊब देतात, राखण करतात, पण घास भरवीत नाहीत. पुष्कळ जातींत तर आईबाप आधी निघून जातात आणि पिले काही आठवड्यांनी, वाट दाखविणारे कोणी नसताना, दक्षिणेला येतात. श्रावणात आपल्या डबक्यावर उतरते ते बहुधा थोर पाखरू असते. त्या साली जन्मलेले पोर मागून येते, आणि येते ते बरोबर आपल्याच मुलखात.

तैमिरचे पाखरू आणि आपल्याकडचे पाखरू एकच, हे सिद्ध कसे व्हावयाचे? हे काम एका शाळामास्तराच्या युक्तीने झाले. डेन्मार्कमधील मॉर्टेन्सन या शिक्षकाने १८९९ साली मैनेच्या जातीच्या पाखरांच्या पायांत अंक आणि पत्ता कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घालून ती सोडून दिली. आपल्याकडे हा प्रयोग पहिल्याने रुजला तो धारच्या पवारांच्या संस्थानात. १९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कड्या तेथे बदकांना घालण्यात आल्या. मराठी राजघराण्याच्या आश्रयाने झालेला हा आरंभ आपण विसरता कामा नये.

त्याच काळात परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानातील पक्ष्यांची पाहणी डॉ. सालिम अली यांनी १९३१-३२ साली केली. पुढे १९५७ साली म्हैसूर राज्यातील क्यासनूरच्या जंगलात माकडांना आणि माणसांना नवा ताप आला. त्याचा विषाणू उत्तरेकडून येणाऱ्या पाखरांबरोबर आला काय, असा संशय निघाला, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने १९५९ पासून सोसायटीने सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली मोठ्या प्रमाणावर कडी घालण्याचे काम हाती घेतले. भारतात कडी घातलेले रफ पक्षी सायबेरियाच्या याकुतिया प्रांतापर्यंत मिळाले. एका टोकाला कडे चढले, दुसऱ्या टोकाला वाचले गेले. कालिदासाला जे सुचले आणि मिडेनडॉर्फने जे पाहिले, ते दोन्ही त्या धातूच्या पट्टीने एकत्र सांधले.

आता उत्तरेची यात्रा पुष्कळ सोपी झाली आहे. नॉर्वेच्या अगदी उत्तरेला वारांगर म्हणून भाग आहे. तेथे जूनमध्ये देशोदेशींचे लोक रफचा आखाडा पाहावयास जातात. आपल्याच देशात लडाखमधील त्सो कार सरोवर आणि हानलेच्या दलदली येथे लाल पायांची तुतारी आणि छोटा वाळू-चिखल्या विणतात. ऑस्मास्टन या वनाधिकाऱ्याने लडाखच्या पक्ष्यांवर लिहिले ते १९२५ साली. आज महाराष्ट्रातून पर्यटकांचे गट दर उन्हाळ्यात तेथे जातात. जावेच. मात्र विणीच्या जागी पाहुण्याने कसे वागावे, याचा एक सरळ नियम आहे. पाखरू ओरडू लागले किंवा पंख मोडल्याचे सोंग करून लंगडत पळू लागले, की आपण घरट्याजवळ आलो असे समजावे आणि आल्या पावली मागे फिरावे. आपण उभे असेपर्यंत ते घरट्यावर जात नाही, आणि तेवढ्यात थंडीने अंडी निवतात किंवा कुत्र्याला वास लागतो.

उत्तरेचा पाळणाही आता पूर्वीसारखा निश्चिंत राहिलेला नाही. तो प्रदेश जगाच्या सरासरीहून कितीतरी अधिक वेगाने तापतो आहे. तैमिरमध्ये विणणाऱ्या नॉट या काठपाखराविषयी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की बर्फ लवकर वितळल्यामुळे किड्यांचा हंगाम पिले फुटण्याच्या आधीच सरतो. पिले खुरटी राहतात, त्यांच्या चोची आखूड होतात, आणि हिवाळी मुक्कामी आफ्रिकेत पोहोचल्यावर त्यांतली पुष्कळ जगत नाहीत. माहेरच्या उण्यादुण्याची झळ अशी मुक्कामाच्या गावी लागते.

येथवर दूरच्या घरट्यांची हकीकत झाली. आता जवळच्या घरट्यांकडे वळावयाचे, कारण आमच्या म्हणण्याचा रोख तिकडेच आहे. काठपाखरांपैकी सगळीच पाहुणी नाहीत. गळ्यात काळा कंठा असलेला कंठेरी चिखल्या घ्या. हिवाळ्यात गोदेच्या काठी तो दिसतो तेव्हा त्यात दोन कुळे मिसळलेली असतात. एक कूळ उत्तरेकडून आलेले. दुसरे येथलेच, बारमास राहणारे, आणि त्याला शास्त्रात जेर्डनचेच नाव दिलेले आहे. फाल्गुनात एक कूळ सहस्रावधी कोस दूर जाते, आणि दुसरे त्याच वाळूत खळगी करून अंडी घालते. पाहुण्याच्या माहेराचा शोध घेण्यास लोक बर्फावरून गेले; घरच्या पाखराचे बाळंतपण आपल्या पायाशी होत असते आणि ते कोणी पाहत नाही.

गोदावरी-पूर्णेच्या पात्रात माघापासून ज्येष्ठापर्यंत हा संसार चालतो. नदी सुरय वाळूच्या बेटावर अंडी घालतो. तो मात्र मासा आणून पिलाला भरवतो, जनाबाईंच्या पाखरासारखा. मोठ्या डोळ्यांचा करवानक धोंड्यांत धोंडा होऊन बसतो. टिटवी तर नांगरलेल्या रानातही अंडी घालते. उन्हाच्या तिरपेत ती पाण्यात पोट भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी निववते. उत्तरेत अंड्यांना थंडीचे भय, येथे उन्हाचे. आपले शेतकरी टिटवीची अंडी उंचवट्यावर दिसली म्हणजे पाऊस भरपूर, सखल जागी दिसली म्हणजे ओढ, आणि अंडी जितकी तितके महिने पाऊस, असे मानतात. या ठोकताळ्याला शास्त्राचा आधार नाही. पण त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांची नजर आहे. टिटवीचे घरटे दिसले, की औत थोडे वळवून तेवढा तुकडा सोडणारे शेतकरी आहेत, आणि पाखरू वाचते ते या नजरेने. टिटवी ओरडली की अशुभ होते ही समजूत मात्र टाकून द्यावी. ती ओरडते ते आपल्या अंड्यांवर पाय पडू नये म्हणून.

गेल्या साठ वर्षांत आपल्या नद्यांचे रूप पालटले. पूर्णेवर येलदरीचे धरण १९६८ साली पुरे झाले, आणि वर पैठणला जायकवाडीचे १९७६ साली. पुढे पाथरी तालुक्यात ढालेगाव आणि मुदगल येथे गोदावरीवर बंधारे झाले. त्यांनी रान भिजवले, तहान भागवली. त्यांच्याविषयी कुरकुर करणे आमच्या मनात नाही. जलाशयांच्या उथळ कडांनी हिवाळी पाहुण्यांना नवी पंगत मांडून दिली, हेही खरे. परंतु विणणाऱ्या घरच्या पाखरांना हवी असते ती उघडी वाळू, आणि ती बंधाऱ्यामागे बुडाली. जेथे उरली तेथे वाळूउपसा आहे. पावसाळ्यात उपशाला मनाई असते. म्हणजे तराफे, पोकलेन आणि हायवा यांचा जोर नेमका विणीच्या महिन्यांत येतो. भर उन्हाळ्यात वरून पाणी सुटले, तर पंचतंत्रातल्या समुद्राप्रमाणे नदीच अंडी ओढून नेते, आणि या वेळी दाद मागावयास गरुड येत नाही.

जवळचे घरटे न पाहिल्याने काय होते, याचा एक दाखला देऊन आम्ही हे पुरे करणार आहोत. जालन्याच्या त्या डॉक्टरचे नाव लाभलेला जेर्डनचा धाविक हा काठपाखरांच्याच गोत्रातला, पण काटेरी झुडपांत रात्री हिंडणारा पक्षी. तो जगात केवळ गोदावरी आणि पेन्नार यांच्या परिसरातूनच नोंदला गेला. एकोणिसाव्या शतकात ब्लॅनफर्ड या भूगर्भशास्त्रज्ञाला तो आपल्याच गोदेच्या खालच्या अंगाला, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंच्याजवळ दिसला होता. १९०० नंतर तो कोणाला दिसेना. नष्टच झाला असे लोक समजून चालले. १९८६ साली आंध्र प्रदेशातील कडप्पा जिल्ह्यात, एका जाणत्या गावकऱ्याच्या मदतीने, सोसायटीच्या अभ्यासकांना तो पुन्हा मिळाला. त्याचे एक अंडे, १९१७ साली कोलारच्या परिसरात उचललेले, स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठाच्या संग्रहात पडून होते. २०१३ साली डीएनए तपासून ते त्याचेच असल्याची खात्री पटली. त्याच्या घरट्याचे वर्णन मात्र कोणत्याही ग्रंथात नाही. टिळव्याचे घरटे ध्रुवाजवळ असून १८४३ साली सापडले. आपल्या दख्खनच्या पाखराचे आजवर सापडलेले नाही. घरटे अंतराने दडत नाही, दुर्लक्षाने दडते.

तेव्हा ज्यांना शक्य असेल त्यांनी लडाखला जावे, नॉर्वेलाही जावे. पण त्याआधी एका फाल्गुनी सकाळी आपल्या गावच्या नदीपात्राकडे जाऊन, काठावर लांब उभे राहून, वाळूत कोण बसले आहे ते पाहावे. शाळांनी आपापल्या शिवारातील टिटव्यांच्या घरट्यांची तारखेनिशी वही ठेवावी. मॉर्टेन्सनही शाळामास्तरच होता. ग्रामपंचायतींनी वाळूघाटाच्या लिलावाची बोलणी होतील तेव्हा सुरय आणि करवानक जेथे विणतात ते बेट तेवढे ज्येष्ठापर्यंत सोडावयास सांगावे. मागणी मोठी नाही. सगळी नदी मागितलेली नाही. चार महिने आणि वाळूचा एक पट्टा मागितला आहे.